उत्तरेची कोठडी

दार बंद झालं तेव्हा डॉ. वैजयंती नाबर यांच्या मनात पहिला विचार आला तो चष्म्याचा. चष्मा बाहेर टेबलावर राहिला होता आणि ते टेबल आता पाण्याखाली गेलं होतं. मृत्यूच्या दारात माणसाला आयुष्यभराच्या गोष्टी आठवतात असं म्हणतात. वैजयंतीबाईंना आठवला दोन महिन्यांपूर्वी वेंगुर्ल्यात घेतलेला चष्मा, आणि वर त्याचं दुःखही झालं.

मग त्या खालीच बसल्या.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात, अठरा वाव, म्हणजे शंभरेक फूट पाण्याखाली हे जलगृह उभं होतं. मधे मोठं दालन, त्याच्या दोन टोकांना दोन आश्रयकोठड्या, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. दालनात पाणी शिरलं की कोठड्यांची दारं आपोआप बंद व्हायची आणि बाहेरचं पाणी उपसल्याशिवाय आतून उघडायची नाहीत. कोठडीत हवा पन्नास मिनिटांची. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी दालनाच्या खिडकीची चौकट सुटली, आणि वैजयंतीबाई धावत सुटल्या त्या जवळच्या, म्हणजे दक्षिणेच्या कोठडीत.

"वैजयंतीबाई! ऐकू येतंय का?" भिंतीतल्या बोलतारेतून आवाज आला. वर बोटीवर बसलेले डॉ. सुहास तेंडोलकर. वीस वर्षांचे सहकारी आणि वीस वर्षांचे वैरीही.

"येतंय. मी दक्षिणेला आहे. खाली दुसरं कुणी नाही."

"मालनमावशी?"

"त्या अकराला वर गेल्या ना?"

"थांबा." तारेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हो, फळ्यावर त्यांचा बिल्ला 'खाली'वरून 'वर' सरकलेला आहे. फोन लावला तर इथेच टेबलावर वाजतोय, म्हणजे तो टाकून होडीनं बाजारात गेलेल्या दिसतायत, नेहमीसारख्या. बरं, ऐका. बंदरावरून पाणबुडे निघालेत. दीड तास लागेल."

पन्नास मिनिटं आणि दीड तास. हा हिशेब करायला मानसशास्त्रातली डॉक्टरेट लागत नव्हती.

"कुर्ली आहे ना," वैजयंतीबाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना भलताच शांत वाटला.

"कुर्ली आहे," तेंडोलकर म्हणाले.

कुर्ली म्हणजे हे सगळं जलगृह ज्यासाठी बांधलं होतं ते यंत्र. हातगाडीएवढं धूड, सहा पाय, दोन नांग्या. कागदोपत्री तिचं नाव 'उद्भवयंत्र' असं भारदस्त होतं, पण मालनमावशी मेतर यांनी तिला पहिल्याच दिवशी कुर्ली म्हटलं आणि तेच रुजलं. समुद्रात अडकलेल्या माणसाला शोधायचं आणि त्याच्या कोठडीला बोटीवरून सोडलेली श्वासनळी जोडायची, हे तिचं काम. मात्र ते तिला कुणी आज्ञावली लिहून शिकवलेलं नव्हतं. तिला वाढवलं होतं, तान्ह्या मुलाला वाढवतात तसं. सतरा महिने.

वाढवायला मालनमावशीच आणल्या होत्या. वीस वर्षं बालवाडी चालवलेली कोळीण. त्यांनी कुर्लीशी भोज्जा खेळला, लपाछपी खेळली, भिंतीवर टकटक करायला शिकवलं. दोन टकटक म्हणजे 'मी हय आसंय', मी इथे आहे; तीन म्हणजे 'सोद', शोध. सरावाच्या वेळी त्या बोटीवरून जलकर्ण्यातून, म्हणजे पाण्यात सोडलेल्या भोंग्यातून, तिला शाबासकी द्यायच्या. सरावासाठी कोठडीत माणूस म्हणून गोणपाटाचा बाहुला बसवलेला असे, त्याचीसुद्धा काळजी मावशींना. आजच सकाळी सुईदोरा घेऊन वैजयंतीबाईंच्या टेबलापाशी थांबल्या होत्या. "बाहुल्याची मान परत उसवली गो," म्हणाल्या होत्या. वैजयंतीबाईंनी पडद्यावरची नजर न काढता 'हं' केलं होतं.

आता वैजयंतीबाई उठल्या आणि गोल खिडकीला नाक लावून उभ्या राहिल्या. चष्म्याशिवाय हिरवट धुकं दिसत होतं, बाकी काही नाही.

"तेंडोलकर, कुठे आहे ती?"

"छायाग्राहकात दिसतेय." त्यांचा आवाज चमत्कारिक येत होता. "उत्तरेला. उत्तरेच्या कोठडीला नळी लावून बसलीय."

सगळे सराव उत्तरेच्या कोठडीत झाले होते. एकूण एक्केचाळीस. दक्षिणेला तळ उतरता, त्यामुळे नळीचं तोंड भिंतीवर पुरुषभर उंच. उत्तरेला ते जमिनीलगत, सोयीचं. कुर्ली मोठी झाली की दक्षिणेचे सराव घेऊ, असं वेळापत्रकात लिहिलं होतं आणि दर महिन्याला ते पुढच्या महिन्यात ढकललं जात होतं. उत्तरेच्या कोठडीत बोलतारही जोडलेली नव्हती, की हवेच्या टाक्या पूर्ण भरलेल्या नव्हत्या. बाहुला बोलत नाही आणि बाहुल्याला श्वास लागत नाही.

"तिनं मला इकडे धावताना पाहिलंय," वैजयंतीबाई म्हणाल्या. "खिडकीबाहेरच होती ती. आमची नजरानजर झाली."

"पाहिलं असेल. आठ-दहा महिन्यांचं मूलसुद्धा बघत असतंच की."

हे वाक्य तेंडोलकरांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, तरी ते बोचलं. कारण दोघांच्या वीस वर्षांच्या भांडणाचं मूळ तिथेच होतं. बाळासमोर दोन वाट्या पालथ्या ठेवायच्या. खुळखुळा पहिल्या वाटीखाली लपवायचा. बाळ वाटी उचलून तो काढतं. असं चार-सहा वेळा झालं की त्याच्या डोळ्यांदेखत खुळखुळा दुसऱ्या वाटीखाली ठेवायचा. बाळ बघतं आणि हात घालतं पहिल्याच वाटीखाली. कधीकधी तर डोळे दुसऱ्या वाटीकडे असतात आणि हात पहिलीकडे जातो. वर्षाचं झालं की ही चूक आपोआप थांबते. का थांबते, यावर विद्वानांनी कपाटंच्या कपाटं भरली आहेत.

वैजयंतीबाईंचं म्हणणं असं, की तोवर मुलाच्या मनात दडलेल्या वस्तूची मनःप्रतिमा तयार होते. वस्तू दिसेनाशी झाली तरी प्रतिमा राहते, आणि हात तिच्या मागे जातो. माणूस झाल्याची ती पहिली खूण. कुर्लीत तशी प्रतिमा तयार झाली आहे, हे सिद्ध करण्यासाठीच त्यांनी हा प्रकल्प मागून घेतला होता.

"तुम्ही म्हणाल ते म्हणा," त्या तारेत म्हणाल्या, "पण मनात काहीतरी असल्याशिवाय ती शोधेल कशी?"

"लाटेचा आकार पाण्याच्या कुठल्या थेंबात असतो, सांगा बघू?" तेंडोलकर म्हणाले. वर्गात शिकवतात तसे, पण भराभर बोलत होते. "वारा, तळ, पाणी जमून आलं की लाट उठते. तिचं चित्र आधी कुठे काढून ठेवलेलं नसतं. वागणंही तसंच उद्भवतं. शरीर, सवय, समोरची जागा यांतून, त्या क्षणी. कुर्लीच्या आत एकही चित्र मला कुणी दाखवलेलं नाही. तुम्हीही नाही. आपण एक्केचाळीस वेळा तिला उत्तरेला नेलं. तिच्या पायांना ती वाट लागलीय, बस्स."

"तिला बोलवा ना मग!"

"बोलावतोय मघापासून. जलकर्ण्यावर मावशींशिवाय कुणाचा आवाज ती ओळखत नाही. हुकूम देता येत नाही तिला, तुम्हीच तशी वाढवलीत."

वैजयंतीबाईंनी पायातली चप्पल काढली आणि भिंतीवर आपटली. टक, टक, टक. सोद. थांबल्या. पुन्हा तीन.

पाचव्या खेपेला धुक्यातून एक काळा गोळा सरकत आला. कुर्ली! तिचे दिवे खिडकीतून आत पडले, थेट वैजयंतीबाईंच्या तोंडावर. त्यांनी काचेवर हात ठेवला. पलीकडून एक नांगी अलगद काचेला लागली आणि वाजली, टक, टक.

"आली! तेंडोलकर, आली ती! मला ओळखलं!"

"नळी कुठाय?"

वैजयंतीबाईंनी डोळे बारीक केले. दोन्ही नांग्या रिकाम्या होत्या.

"नळी उत्तरेलाच लावून आलीय," तेंडोलकर हळूच म्हणाले. "बाहुल्याला."

कुर्लीने आणखी एकदा दोन टकटक केल्या, वळली, आणि आली तशी उत्तरेला निघून गेली. वैजयंतीबाई चपलेने भिंत बडवत राहिल्या. मग त्यांना जाणवलं की आपण ओरडतोही आहोत आणि त्यात हवा जाते आहे. त्या गप्प झाल्या. डोळे बरोबर ठिकाणी आणि हात जुन्या वाटीखाली. शेकडो बाळांच्या चित्रफिती पाहिल्या होत्या त्यांनी, हसून, नोंदी करत. आता त्या स्वतः वाटीखाली होत्या. हसू यायचं काही कारण नव्हतं.

अकरा चाळीस. हवामापकाचा काटा निम्म्याकडे सरकत होता.

"एक उपाय आहे," तेंडोलकर म्हणाले. "तुम्हालाही माहीत आहे."

माहीत होता. तेंडोलकरांच्या पंथाने तो प्रयोग कधीच करून ठेवला होता. चूक करणारं बाळ मांडीवर बसलेलं असतं. मधेच त्याला उभं केलं, किंवा त्याच्या मनगटांना थोडं वजन बांधलं, की चूक नाहीशी होते. शरीर बदललं की सवयीची पकड सुटते.

"तिच्या पोटाखालचं शिसं सोडून देतो," तेंडोलकर म्हणाले. "इथून कळ दाबली की पडेल. हलकी होईल, पुरुषभर वर तरंगेल. पायांची वाटच मोडेल. मग तिला नव्यानं ठरवावं लागेल. परत मात्र ते शिसं भरता येणार नाही."

वैजयंतीबाईंनी चप्पल खाली ठेवली. उपाय लागू पडला तर त्या जगणार होत्या, आणि त्याच मिनिटाला त्यांची वीस वर्षं खोटी ठरणार होती. असल्या वेळी असला विचार यावा याची त्यांना लाज वाटली. पण आला खरा.

"मला तुम्ही हरायला नकोयत," तेंडोलकर एकदम म्हणाले. "वर यायला हव्यात. भांडू मग."

"दाबा," वैजयंतीबाई म्हणाल्या.

तीन मिनिटं काहीच झालं नाही. मग तारेतून तेंडोलकरांचा ओरडा आला, "उचलली गेली! नळी निसटली... नळी तिच्याच नांगीत आहे. चाचपडतेय. वैजयंतीबाई, तिकडे येतेय!"

भिंतीवर खरखर झाली. छताजवळच्या तोंडात काहीतरी घट्ट बसलं आणि सूऽऽ करत थंड हवा आत आली. बोटीवरच्या डिझेलचा वास होता तिला. वैजयंतीबाईंनी तो वास पोटभर घेतला आणि त्या रडायला लागल्या. वीस वर्षं गेली तर गेली. आपण जिवंत आहोत याचा त्यांना निव्वळ, निर्लज्ज आनंद झाला.

"पंचवीस मिनिटं लागू द्या नळी," तेंडोलकर म्हणाले. "कोठडी तासाभराला पुरेल इतकी भरेल. नळीतला उच्छ्वासमापकही हलला बघा, तुमचा श्वास दिसतोय इथे. आधीच्यासारखाच..."

तारेतून कागद चाळल्याचा आवाज आला.

"काय आधीच्यासारखाच?"

"काही नाही. आलेख बघतोय. मघाशी नळी उत्तरेला होती तेव्हाचा." तेंडोलकर म्हणाले. "वैजयंतीबाई, त्या वीस मिनिटांतही उच्छ्वास नोंदला गेलाय. मी बघितलंच नाही. सरावात तो काटा नेहमी शून्यावरच असतो, त्यामुळे..."

"बाहुला श्वास घेत नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या.

आणि तेव्हा त्यांना ते वाक्य ऐकू आलं. सुईदोऱ्यासकट, आवाजासकट. बाहुल्याची मान परत उसवली गो.

"तेंडोलकर, फळ्यावरचा बिल्ला कुणी सरकवला?"

"मी. माणसांची ने-आण करणारा पिंजरा रोज अकराला आपोआप वर येतो, त्याची घंटा वाजली. मावशी रोज त्याच पिंजऱ्यानं येतात आणि बिल्ला सरकवायला विसरतात. म्हणून मीच रोज..." त्यांचा आवाज खाली गेला. "मी पिंजऱ्यात बघितलं नाही. खाली जाताना फोन वर ठेवायचा, हा नियमही मीच केलाय. आणि तो टेबलावर वाजत होता."

कुर्ली चुकली नव्हती. तिने दोघींना दोन कोठड्यांत शिरताना पाहिलं होतं. नळी एकच. टाक्या जिथे रिकाम्या होत्या तिथे ती आधी गेली, की जिने वाढवलं तिच्याकडे आधी गेली, ते तिलाच ठाऊक. मधेच येऊन तिने वैजयंतीबाईंनाही सांगितलं होतं, टक, टक. मी हय आसंय. मग राहिलेलं काम पुरं करायला ती परत गेली होती. मालनमावशींना कायम जिथे असतात तिथेच धरून चालले होते ते दोन विद्वान. जुन्या वाटीखाली हात घातला होता तो त्यांनी.

"किती भरली होती तिकडची?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"आठ-दहा मिनिटांपुरती. नळीला पूर्ण दाब मी ती तुमच्याकडे लागल्यावर दिला, तोवर सरावापुरती बारीक धारच होती. त्यातली सात गेली."

वैजयंतीबाईंनी हात वर केला आणि नळीच्या तोंडाची चावी फिरवली. सूऽऽ थांबलं. नळी सुटली.

"काय करताय? ती हलकी झालीय, तिला खाली जाता येणार नाही! ते तोंड जमिनीलगत आहे!"

वैजयंतीबाईंनी चप्पल उचलली आणि भिंतीवर वाजवली. टक, टक, टक. कुर्लीचे दिवे खिडकीत घुटमळले. आणखी तीन. मग दिवे वळले आणि धुक्यात गेले.

"वर उडतेय," तेंडोलकर सांगत राहिले. "कोठडीच्या माथ्यावर अडकलीय. पाय मारतेय, जमत नाही. थांबा. उलटी झाली. डोकं खाली... भिंतीवर कालवं चिकटलीत ना, त्यांच्यात पाय रुतवतेय. भिंत धरून खाली उतरतेय, वैजयंतीबाई, उलटी! हे तिला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"लागली. नळी लागली." आणि मग, किती वेळाने कोण जाणे, "काटा हलला. बारीक आहे. पण हलतोय."

वैजयंतीबाई भिंतीला टेकून बसल्या. खरं तर ही जिंकल्याची वेळ होती. दिसेनाशा झालेल्या माणसाला मनात धरून एक यंत्र स्वतः शोधून काढलेल्या वाटेने उतरलं होतं. त्यात प्रतिमा होती आणि उद्भवही होता. दोघांनीही पेढे वाटावेत असा निकाल. त्यांना मात्र एवढंच दिसत होतं की आता त्या स्वतः दिसेनाशा झाल्या आहेत.

कोठडीतली हवा जड झाली. बारा पाच. बारा दहा. डोकं ठणकायला लागलं.

"वाजवा भिंत," तेंडोलकर म्हणाले. "बोलवा तिला. मावशींचं होत आलंय."

वैजयंतीबाईंनी चप्पल हातात घेतली आणि परत खाली ठेवली. मघाशी बोलावलं होतं, तेव्हा काय झालं ते पाहिलं होतं. त्या काळ्या यंत्राच्या आत कुठेतरी आपण आहोत की नाही, हे उघडून बघायची सोय नव्हती. वाट पाहायची, एवढंच. तान्ही मुलं आई खोलीबाहेर गेली की का रडतात, यावर त्यांनी दोन ग्रंथ लिहिले होते. आज त्या नुसत्या रडल्या.

बारा एकवीसला भिंतीवर वाजलं. टक, टक.

पाणबुड्यांनी दोघींना बाहेर काढलं तेव्हा एक वाजून गेला होता. बोटीवर घोंगडी पांघरून मालनमावशी बसल्या होत्या. ओठ अजून निळसर होते आणि मुठीत सुई होती. खाली कुठेतरी त्यांची कुर्ली बोटीच्या तळावर टकटक करत होती. तेंडोलकर फळ्यासमोर पाठमोरे उभे होते, वळतच नव्हते.

"मधीच सोडून गेली ती," मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "पण माका म्हायत होता, तुझ्याकडेच गेली असतली. दिसाक नाय म्हणान काय झाला? येतलीच ना परत."

वैजयंतीबाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. "ती गेली नव्हती, मावशी. मी तिला तुमच्याकडून ओढून घेतली. वजन सोडायला मीच सांगितलं."

मावशींनी गार पडलेला हात वैजयंतीबाईंच्या डोक्यावर ठेवला, बालवाडीत पडलेल्या पोरीच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"जाव दे गो बाय. मी थंय आसंय ता तुका खंय म्हायत होता?"

वैजयंतीबाईंनी मान खाली घातली.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "सकाळी तुम्ही मला सांगून गेला होतात."